पिस्तूल गार, हात गरम

नेमबाजी म्हटलं की मराठी माणसाला आधी कोल्हापूर आठवतं. तिथल्या राही सरनोबतने २०१८ साली इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा आपण टीव्हीवर जे पाहिलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. एक हात सरळ पुढे, दुसरा कमरेशी, शरीर खांबासारखं स्थिर. मी मिनेसोटात राहतो आणि दर हिवाळ्यात ज्या स्पर्धांना जातो, त्या याहून फार निराळ्या असतात. तिथे नेमबाज चालतो, आडोशाआडून डोकावतो, मॅगझिन बदलतो, आणि हे सगळं उघड्या माळावर, बर्फात. मिनीआपोलिसला जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान उणे ५ अंशांच्या आसपास असतं, रात्रीचं किमान उणे १३. सकाळी नऊला स्पर्धा सुरू होते तेव्हा पारा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकत असतो.

लोक विचारतात, एवढ्या गारठ्यात पिस्तूल चालतं तरी कसं? चालतं. फक्त दिवसभर एक गोष्ट सांभाळावी लागते: ऊब कुठे ठेवायची आणि गारठा कुठे राहू द्यायचा.

आधी खेळ थोडक्यात. मी जातो त्या स्पर्धा आयडीपीए या संघटनेच्या. ती अमेरिकेत १९९६ साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धेत पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, कपड्याखाली झाकलेलं असतं. पंच हातातल्या टायमरचं बटण दाबतो, बीप वाजते, आणि नेमबाज पिस्तूल काढून ठरलेल्या क्रमाने पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर गोळ्या झाडतो. एका टप्प्यात जास्तीत जास्त १८ गोळ्या. टायमर शेवटच्या गोळीचा आवाज टिपून वेळ सांगतो. टार्गेटच्या मधल्या भागात गोळी लागली तर दंड नाही, त्याबाहेर लागली तर एक गुण वजा, अगदी कडेला तीन, हुकली तर पाच. प्रत्येक वजा गुणामागे एक सेकंद वेळेत मिळवतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. म्हणजे बधिर बोटाने चाप जरासा वाकडा ओढला गेला, तर त्याची किंमत सेकंदांत मोजावी लागते.

आता गारठा पिस्तुलाला काय करतो ते पाहू. थंडीच्या दिवसांत घरातलं खोबरेल तेल थिजतं आणि सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. बंदुकीचं तेल तसं घट्ट गोठत नाही, पण जाड होतं. ग्रीस तर जवळपास मेणासारखं. गोळी सुटल्यावर पिस्तुलाची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, परत पुढे येताना नवं काडतूस नळीत सारते. हे सगळं एका सेकंदाच्या लहानशा अंशात व्हायला हवं. खाचांत तेल दाटलं असेल, तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी दारात अडकते, नाहीतर पुढे येताना शेवटचा केसभर प्रवास राहून जातो. १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्याची शस्त्रं याच कारणाने अडून बसली होती. उपाय साधा आहे. डिसेंबर लागला की पिस्तूल पूर्ण पुसून उन्हाळ्यातलं वंगण काढून टाकायचं आणि पातळ तेलाचे मोजके थेंब घालायचे. चाप आणि काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई यांच्या भागात तर जवळजवळ कोरडंच ठेवायचं. जास्त तेल घालून स्लाइड मोकळी होईल असं नव्या माणसाला हमखास वाटतं. मलाही वाटलं होतं.

दारूचंही तसंच. काडतुसातल्या काही पावडरी गारठ्यात सावकाश जळतात, काहींना फारसा फरक पडत नाही. हा फरक नियमांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरू शकतो. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार, याला पॉवर फॅक्टर म्हणतात. ९ मिलिमीटरच्या नेहमीच्या पिस्तुलांना तो किमान १२५ लागतो. १२४ ग्रेनची गोळी १,०३० फुटांच्या वेगाने सुटली तर आकडा येतो १२७.७. हाच वेग गारठ्यामुळे तीस फुटांनी घटला, म्हणजे अवघ्या तीन टक्क्यांनी, की आकडा १२४वर येतो आणि काडतूस नियमाबाहेर जातं. शिवाय मंद काडतूस आणि दाट तेल एकत्र आलं, की स्लाइड अडकायला आणखी काही लागत नाही. जे घरी स्वतः काडतुसं भरतात त्यांनी हिवाळ्यासाठी हातात थोडा वाव ठेवावा. मी भरलेली मॅगझिनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो, ती अंगाच्या उबेत राहतात.

पण पिस्तुलाला ऊब द्यायची नाही. ही एकच गोष्ट मी नव्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती मला चूक करून कळली. पहिल्या हिवाळ्यात दोन टप्पे झाल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. हीटर लावला, चहा घेतला आणि पिस्तुलाची पिशवी मायेने शेजारच्या सीटवर उघडून ठेवली. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच झालं. उणे दहाबारा अंशांचं लोखंड उबदार, माणसाच्या श्वासाने दमट झालेल्या हवेत आलं आणि त्यावर पाणी साठलं. नुसतं बाहेरून नव्हे, आतही: सुईच्या वाटेत, स्प्रिंगच्या वेढ्यांत. अर्ध्या तासाने तेच पिस्तूल पुन्हा गारठ्यात आलं आणि ते पाणी गोठलं. तिसऱ्या टप्प्यावर बीप वाजली, मी चाप ओढला, नुसती खट्. काडतुसाच्या बुडावर सुईचा फिकट ठसा होता. सुई बर्फातून वाट काढत पुढे गेली होती, पण तिच्यात जोरच उरला नव्हता. पंचाने पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि त्या टप्प्याचा माझा हिशेब तिथेच संपला.

म्हणून पिस्तूल रिकामं करून, पेटीत बंद करून, डिकीतच ठेवायचं. दिवसभर ते बाहेरच्या हवेइतकंच गार राहू द्यायचं. गार आणि कोरडं पिस्तूल नीट चालतं. एकदा गार, एकदा गरम अशा ये-जा करणाऱ्या पिस्तुलाचा भरवसा नाही.

हाताचं गणित मात्र बरोबर उलटं. शरीराला थंडी लागली की ते आधी छातीपोटातली ऊब राखतं आणि हातापायांचा रक्तपुरवठा आखडून घेतं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं अवघड होतात. आणखी खाली, ८ अंशांच्या सुमाराला, स्पर्शच बोथट होतो. नेमबाजाचं सगळं काम चापावरच्या बोटाच्या पेरात असतं. तिथे चाप कुठवर आला हे कळेनासं झालं की माणूस तो हळुवार दाबण्याऐवजी हिसकतो. म्हणून हात वाचवायचे तर आधी धड आणि डोकं झाका. कानटोपी आणि अंगाला चिकटून लोकरीचा बनियन यांनी बोटांना जेवढी मदत होते तेवढी नुसत्या हातमोज्यांनी होत नाही. सुती कपडा आत नको. तो घाम धरून ठेवतो आणि मग अंग काकडतं.

आपली पाळी येईपर्यंत हात जाड, चारही बोटं एकत्र राहतील अशा मोज्यांत ठेवायचे आणि त्यांत ऊब देणारी पुडी. या पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा असं मिश्रण असतं. पाकीट फोडून हवा लागली की लोखंड गंजू लागतं आणि गंजताना उष्णता देतं. ती कित्येक तास टिकते. आपल्याआधीचा नेमबाज जागेवर उभा राहिला की मी जाड मोजे काढतो आणि पातळ मोजे चढवतो. काहीजण मोज्याचं चापाच्या बोटापुरतं टोक कापून टाकतात, काही सरळ उघड्या हाताने झाडतात. अर्ध्या मिनिटाच्या टप्प्याला तेही चालतं. जो मोजा घालणार असाल तो घालून घरी, रिकाम्या पिस्तुलावर, शंभरदा सराव करा. जाड मोज्याचं बोट चापाभोवतीच्या कडीत नकळत घुसतं आणि ते मोज्यातल्या बोटाला कळतही नाही.

कपड्यांतला एक धोका याहून गंभीर आहे. हिवाळी जाकिटाच्या खालच्या कडेला आवळायची दोरी असते, तिला प्लास्टिकचा गोळा. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना ही दोरी चापाच्या कडीत शिरली आणि माणसाने तसंच खाली दाबलं, तर गोळी सुटते, आणि तेव्हा नळीचं तोंड आपल्याच मांडीकडे असतं. माझ्या सगळ्या जाकिटांच्या दोऱ्या मी काढून टाकल्या आहेत. होल्स्टरमध्ये ठेवताना घाई करायची नाही, डाव्या हाताने कपडा लांब धरायचा आणि होल्स्टरच्या तोंडाकडे बघत ठेवायचं. या वेळेला घड्याळ थांबलेलं असतं, सेकंदाचाही तोटा होत नाही. नियम सांगतो की दोन्ही हात बाजूंना आडवे पसरले तरी पिस्तूल दिसता कामा नये. म्हणून पुढून पूर्ण उघडणारं, जरा वजनदार काठाचं जाकीट सोयीचं. ते मागे झटकलं की क्षणभर मागेच राहतं.

कानांचं काय, तर कानटोपीवरून कानझाकण घातलं की मध्ये फट राहते. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, तिथे ही फट चालत नाही. कानात बोळे घाला, मग टोपी, वर झाकण. पंचाचा हुकूम नीट ऐकू आला नाही तर तसं सांगा. तो पुन्हा म्हणेल. तोंडावर मफलर असेल तर श्वास वर चढून चष्म्यावर धुकं धरतं. मफलर नाकाखाली ओढला की काम होतं. पिस्तुलावर लाल ठिपक्याची दुर्बीण असेल तर तिच्या काचेवर उच्छ्वास सोडू नका. बर्फावरच्या उजेडात ठिपका फिका दिसतो, तो थोडा तेज करा.

जमिनीचा भाग आयोजकांचा, पण नेमबाजालाही कळलेला बरा. गोठलेली माती दगडासारखी होते आणि तिरकी लागलेली गोळी मऊ मातीत रुतण्याऐवजी उसळू शकते. त्यामुळे टार्गेटं मातीच्या बांधाला शक्य तितकी जवळ लावतात, खाली जमिनीलगत लावत नाहीत. निसरड्या जागी वाळू टाकतात आणि धावण्याचे टप्पे आखतच नाहीत. हे मला पूर्ण पटतं. पाय घसरला की माणूस मूठ आवळतो, आणि मुठीत भरलेलं पिस्तूल असतं. लोखंडी टार्गेटं पडायला हवीत तर त्यांच्या मागचा बर्फ दर नेमबाजानंतर उकरावा लागतो. पुठ्ठ्यांवरची भोकं बुजवायच्या चिकटपट्ट्या गारठ्यात चिकटत नाहीत, म्हणून त्यांचं रीळ कुणीतरी खिशात उबेत ठेवतो. टायमरची बॅटरी आणि गुण नोंदवायचा टॅबही तसाच. अॅपल स्वतःच आपली उपकरणं ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगते. तेव्हा उणे दहात टॅब मध्येच मिटला तर नवल नाही. कागद-पेन्सिल जवळ असावी. शाई गोठते.

खाली टाकलेलं रिकामं मॅगझिन भुसभुशीत बर्फात उभं घुसतं आणि दिसेनासं होतं. सापडलं की झटकायचं, ब्रशने तोंड साफ करायचं आणि बाहेरच्या खिशात ठेवायचं. आतल्या उबदार खिशात नको, बर्फ वितळून पाणी स्प्रिंगपर्यंत उतरतं. भरलेली मॅगझिनं आत, बर्फ लागलेली बाहेर. आणि नळीच्या तोंडाला बर्फ लागल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं. पंचासमोर पिस्तूल रिकामं करून नळी आरपार पाहायची. अडलेल्या नळीतून गोळी झाडणं जिवावर बेतू शकतं.

स्पर्धा संपली की सगळे चहा-कॉफीच्या थर्मासभोवती गोळा होतात. त्याआधी हात पुसा. काडतुसांतून शिशाचा धूर आणि भुकटी हातावर बसते आणि गोठलेल्या माळावर नळ नसतो. शिसं काढणारे ओले रुमाल सोबत ठेवावेत, आणि घरी गेल्यावर हात साबण लावून धुवावेत.

घरी आल्यावर पिस्तूल शेवटी एकदाचं उबेत येणार असतं, तेही हळूहळू. बाहेर गारठ्यातच, पिस्तूल रिकामं आहे हे पुन्हा पाहून, मी ते प्लास्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालतो आणि हवा दाबून काढतो. पिशवी पेटीत, पेटी कुलपात. घरातल्या हवेतलं पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमतं, आतल्या लोखंडापर्यंत पोचत नाही. तीन-चार तास ती उघडायची नाही. जेवणं होतात, मुलं झोपतात. मग पिशवी हाताला गार लागेनाशी झाली की उघडतो, पिस्तूल सुटं करतो, सुईची वाट कोरड्या कापडाने पुसतो आणि पातळ तेलाचे चार थेंब घालतो.