शिकार कोणाची, नुकसान कोणाचे ?

पेरणी, निंदणी, खत, पाणी ही सर्व शेतकऱ्याच्या हातची कामे होत. उभ्या पिकाची राखण मात्र पुष्कळदा त्याच्या एकट्याच्या हातची राहत नाही. मक्याची कणसे दुधात आली की रानडुकरांचा कळप रात्रीतून शेतात शिरतो. खातो थोडे आणि तुडवून, लोळवून नासतो फार. अशा वेळी ते जनावर मारण्याचा हक्क शेतकऱ्याला नसून दुसऱ्याच कोणाला असेल, आणि रानात शिकार भरपूर असावी असेच त्या दुसऱ्याला वाटत असेल, तर शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे ? युरोपातील शेतकरी आणि शिकारी यांच्यामधील शतकानुशतकांच्या तंट्याचे मूळ या एका प्रश्नात आहे. जर्मनीत हा तंटा अद्याप मिटलेला नाही. परंतु तेथे त्याला हिशेबाचे रूप देण्यात आले आहे. शिकारीचा हक्क ज्याच्याकडे, त्याच्याकडेच नुकसानीची जबाबदारी, असा हा हिशेब आहे. तो कसा घडत गेला आणि आज कोठे अडतो, हे गावपातळीवर काम करणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

जुने गाऱ्हाणे

मध्ययुगात जर्मन प्रदेशांतील शिकार हा राजेरजवाड्यांचा व सरदारांचा मान होता. जमीन कुळाने कसावी, पण तिच्यावरील हरिणाला अगर डुकराला त्याने हात लावू नये, असा दंडक असे. इतकेच नव्हे, तर सरदाराची शिकार निघाली म्हणजे हातचे काम टाकून हाकाऱ्याला जाणे ही कुळाची वेठ समजली जाई. १५२५ साली दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी बंड केले. त्या वेळी मेमिंगेन येथे त्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे लिहून काढली. त्यांतील चौथे कलम याच विषयावर आहे. गरिबाला शिकार व मासेमारी यांची बंदी असावी, आणि वरिष्ठांनी पोसलेली जनावरे मात्र त्याच्या शेतावर चरावीत, हा अन्याय असल्याची तक्रार त्यात मांडलेली आहे. ते बंड मोडून काढण्यात आले आणि गाऱ्हाणे तसेच राहिले.

पुढे सव्वातीनशे वर्षांनी, १८४८ च्या क्रांतीत, हा मान संपुष्टात आला. प्रशियात त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कायदा होऊन दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क भरपाईवाचून रद्द झाला. ज्याची जमीन त्याची शिकार, असे ठरले. शेतकऱ्यांना आनंद झाला यात नवल नाही. परंतु या उपायाने दुसरीच अडचण उभी राहिली. दोन-चार एकरांच्या तुकड्यावर प्रत्येक जण बंदूक घेऊन उभा राहू लागला, वन्य प्राणी झपाट्याने कमी झाले आणि लहान तुकड्यांवरील गोळीबार शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही धोक्याचा ठरला. म्हणून १८५० च्या प्रशियन कायद्याने एक मध्यम मार्ग काढला. हक्क जमीनमालकाचाच राहिला. मात्र तो स्वतः बजावण्यास सलग तीनशे मॉर्गन, म्हणजे सुमारे ७५ हेक्टर जमीन हवी, अशी अट घालण्यात आली. ज्यांची जमीन त्याहून लहान त्यांच्या जमिनी एकत्र करून गावाचे सामाईक शिकारक्षेत्र करावे, असे ठरले. आपल्याकडील सहकारी संस्थांच्या कार्यकर्त्यांना या व्यवस्थेतील विचार ओळखीचा वाटेल.

हक्क मिळाला तरी भरपाई लगेच मिळाली नाही. हरिणांनी व डुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई देणारा कायदा प्रशियात १८९१ साली झाला. म्हणजे मधली चाळीस वर्षे शिकारीचा मक्ता घेणारा शिकार करी आणि नुकसान ज्याचे त्याच्या कपाळी राही.

गावाचे शिकारमंडळ

आजची व्यवस्था मुख्यतः १९५२ च्या केंद्रीय शिकार कायद्यावर उभी आहे. निरनिराळ्या घटक राज्यांनी त्यात आपापले फरक केले असले तरी तिचा सांगाडा सर्वत्र सारखाच आहे. शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडलेला असून तो जमिनीपासून तोडून विकता येत नाही. ७५ हेक्टर (सुमारे १८५ एकर) सलग जमीन असलेल्या मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. बाकीच्यांच्या जमिनी मिळून किमान १५० हेक्टरांचे सामाईक क्षेत्र होते, आणि त्यातील सर्व मालक आपोआप एका मंडळाचे सभासद बनतात. या मंडळास तेथे ‘यागट्गेनोसेनशाफ्ट’ म्हणतात.

हे मंडळ स्वतः सहसा शिकार करीत नाही. ते शिकारीचा मक्ता देते. मक्ता साधारणतः नऊ वर्षांचा असतो. मुदत मुद्दाम लांब ठेवली आहे. दोन-तीन वर्षांत हात धुऊन निघून जाणाऱ्याला रानाची अगर शेताची काळजी राहत नाही. मक्तेदार परीक्षा उत्तीर्ण झालेला परवानाधारक शिकारी असावा लागतो, आणि एकट्याने एक हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र घेऊ नये असे बंधन आहे. मक्ता बाहेरच्या माणसास द्यावा की गावच्या सभासदांपुरताच ठेवावा, हे मंडळ ठरविते.

मतदानाची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ठराव संमत होण्यास सभेला असलेल्या सभासदांचे बहुमत लागतेच, शिवाय त्यांच्या जमिनीच्या क्षेत्राचेही बहुमत लागते. त्यामुळे एक मोठा जमीनदार गावाला दडपू शकत नाही, आणि पुष्कळसे लहान मालक मिळून मोठ्या मालकाची जमीन त्याच्या मनाविरुद्ध कोणाला देऊनही टाकू शकत नाहीत. मक्त्याचे उत्पन्न जमिनीच्या प्रमाणात वाटून घेता येते. पुष्कळ गावे मात्र ते वाटून न घेता शेतरस्त्यांच्या दुरुस्तीकडे लावतात. ज्या सभासदास ही गोष्ट मान्य नसेल त्यास आपला वाटा मागून घेण्याची मुभा आहे.

नुकसानीचा हिशेब

खुरी जनावरे (हरिणे, रानडुकरे इत्यादी), रानससे व फेझंट पक्षी यांनी शेताचे नुकसान केले तर ते भरून देण्याची जबाबदारी कायद्याने मंडळावर टाकली आहे. मक्त्याच्या करारात ती जबाबदारी बहुधा मक्तेदाराच्या अंगावर घातलेली असते. म्हणजे ज्याला रानात अधिक जनावरे हवीत त्यालाच त्यांच्या चाऱ्याचे पैसे मोजावे लागतात. कायद्यातील हा सर्वांत शहाणपणाचा भाग म्हटला पाहिजे. कारण त्यामुळे शिकारी आपण होऊन रात्री मचाणावर बसतो.

भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्यावरही बंधने आहेत. नुकसान समजल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याने स्थानिक कचेरीत वर्दी दिली पाहिजे. मुदत टळली की हक्क गेला. म्हणून तेथील शेतकऱ्याला पीक उभे असताना शेतावर वरचेवर फेरी मारावी लागते. आपसांत मिटले नाही तर कचेरीकडून नेमलेला जाणकार पंच शेतावर येऊन क्षेत्र मोजतो, जनावराच्या खुणा पाहतो आणि किंमत ठरवितो. पीक कोवळे असताना नासले तरी कापणीच्या वेळी त्याचे जे मोल झाले असते ते धरले जाते. मळे, फळबागा, द्राक्षबागा यांना नेहमीचे कुंपण घातलेले नसेल तर भरपाई मिळत नाही.

शिकाऱ्याच्या वागणुकीलाही लगाम आहे. न कापलेल्या शेतातून जाताना त्याने मालकाच्या हिताकडे लक्ष द्यावे, पिकत आलेल्या धान्याच्या शेतात हाकारा घालू नये, आणि गैरवाजवी शिकारीमुळे पीक तुडवले गेल्यास त्याची भरपाई द्यावी, असे कायदा सांगतो. त्याच्या पाहुण्यांनी केलेले नुकसानही त्याच्याच माथी येते. दुसऱ्याच्या बांधावर मचाण उभारावयाचे तर मालकाची संमती घ्यावी लागते. गावातील भांडणे बहुधा अशाच गोष्टींवरून निघतात. ओल्या गवताळ जमिनीतून मोटार नेली, फाटक उघडे टाकले आणि गुरे बाहेर पडली, कापणीच्या दिवशी पाहुण्यांसह शिकार काढली, या तक्रारी कोणत्याही देशातील शेतकऱ्यास सहज समजतील.

हिशेब कोठे अडतो

जर्मनीतील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. शिकारमंडळाचा सभासद जमिनीचा मालक असतो, कसणारा नव्हे. मालक कदाचित दूरच्या शहरात राहतो, सभेत मत त्याचे आणि मक्त्याच्या पैशांत वाटाही त्याचा. डुकरे मात्र कसणाऱ्याच्या मक्यात शिरतात. पिकाची भरपाई कसणाऱ्यालाच मिळते हे खरे. परंतु मक्ता कोणास द्यावा आणि कोणत्या अटींवर द्यावा, यात त्याला मत नाही. शिकाऱ्याशी रोज गाठ मात्र त्याचीच. या अडचणीवर काही ठिकाणी कसणाऱ्यांना सभेस बोलावून त्यांचे म्हणणे करारात घालण्याचा प्रघात पडला आहे. तो अद्याप सार्वत्रिक नाही.

दुसरी अडचण पीकपद्धतीची आहे. जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि पुढे २००० सालच्या अक्षय ऊर्जेच्या कायद्यानंतर गॅसनिर्मितीसाठीही मक्याची लागवड तेथे फार वाढली. हिरव्या मक्याचे क्षेत्र वीस लाख हेक्टरांच्या वर गेले. उंच मक्यात रानडुकराला उन्हाळाभर अन्न आणि आसरा दोन्ही मिळतात. २०१७-१८ च्या एका हंगामात जर्मनीत आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली, यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज येईल. शेतकरी म्हणतो, तुम्ही पुरेशी मारीत नाही. शिकारी म्हणतो, तुम्ही अगदी रानाच्या कडेपर्यंत मका लावलात, आता माझ्याकडे पैसे कशाला मागता ? दोघांचेही म्हणणे निराधार नाही. नुकसानीचा आकडा फार वाढला की मक्तेदार करारात भरपाईची कमाल मर्यादा घालून मागतो. त्या मर्यादेवरील रक्कम मग मंडळावर, म्हणजे मालकांवरच येते. काही भागांत तर मक्ता घेण्यास माणूस मिळणे कठीण झाले आहे.

यावर निघालेला सर्वांत उपयोगी तोडगा शेतातच सापडला. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने मक्यात आणि रानाच्या कडेला काही पट्टे मोकळे सोडावेत किंवा त्यांत बुटके पीक घ्यावे, आणि शिकाऱ्याने त्या पट्ट्यांवर नजर ठेवून डुकरे टिपावीत. कापणीची तारीख शेतकरी अगोदर कळवितो, म्हणजे शेवटचे तास कापताना बाहेर पडणाऱ्या कळपासाठी शिकारी तयार असतो. गवत कापण्यापूर्वीही अशीच वर्दी दिली जाते. गवतात दडलेली हरिणांची पाडसे यंत्राखाली सापडू नयेत म्हणून शिकारी पहाटेच येऊन ती शोधून बाहेर काढतात; अलीकडे त्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेली लहान उडती यंत्रेही वापरतात. जेथे ही देवाणघेवाण चालते तेथे भरपाईचे अर्ज कमी होतात, असा साधारण अनुभव आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यात रानडुकरांत आफ्रिकी स्वाइन फीवर हा रोग प्रथम आढळला. त्यानंतर तर वराहपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना शिकाऱ्यांची मदत अधिकच निकडीची झाली.

आपल्या जमिनीवर शिकार मुळीच नको असे म्हणणाऱ्या मालकाचे काय, हा प्रश्नही शेवटी न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने असा निर्णय दिला की, सदसद्विवेकाने शिकारीला विरोध असणाऱ्या मालकावर मंडळाची सक्ती करणे त्याच्या मालमत्तेच्या हक्काला बाधक आहे. पुढच्याच वर्षी जर्मनीने कायदा दुरुस्त केला. असा मालक आता अर्ज करून आपली जमीन शिकारीतून वगळून घेऊ शकतो. परंतु वगळलेल्या जमिनीवरील नुकसानीची भरपाई त्याला मिळत नाही, आणि त्याच क्षेत्रातील इतरांच्या नुकसानीच्या भरपाईत त्याला आपल्या जमिनीच्या प्रमाणात भर घालावी लागते. हक्क सोडला तरी हिशेब सुटत नाही, असे हे कलम आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी

रानडुकरांचा उपद्रव आपल्याकडेही तोच. कायदा मात्र सर्वस्वी निराळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीचा हक्क येथे जमीनमालकाकडेही नाही आणि मक्तेदाराकडेही नाही. आपल्या मालकीच्या शेतातही परवानगीवाचून रानडुक्कर अगर रोही मारणे हा गुन्हा होय. फासे लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. उभ्या पिकास धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मात्र मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. या दोहोंची गल्लत पुष्कळ ठिकाणी होते, म्हणून ग्रामसेवकांनी हा फरक सभेत स्पष्ट करून सांगावा. बाहेरगावाहून बंदुका घेऊन आलेल्या हौशी मंडळींना शेतात वाट करून देणारा शेतकरी आपल्यावरच खटला ओढवून घेण्याचा संभव असतो. कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडणे तर माणसांच्या जिवावर बेतते.

नुकसानभरपाई आपल्याकडे मक्तेदाराकडून नव्हे, तर वनविभागाकडून मिळते. तिच्यासाठी ठराविक मुदतीत वर्दी देणे आणि पंचनामा होणे आवश्यक आहे. ती मुदत व अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे नजीकच्या वनपालाकडे अगर वनक्षेत्रपालांच्या कचेरीत हंगामापूर्वीच विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावीत. नासाडी दिसताच तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेली ताटे व जनावरांच्या पायांच्या खुणा जशाच्या तशा राहू द्याव्यात.