भुयारी रेल्वे आणि पुरावशेष : थेसालोनिकीचा धडा

नगराच्या पोटातून मेट्रो रेल्वे नेताना तेथील प्राचीन वारशाचे काय होते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ग्रीस देशातील थेसालोनिकी या नगराचे उदाहरण उद्बोधक आहे.

इ. स. पूर्व ३१५ च्या सुमारास वसलेल्या या नगरात अखंड वस्ती राहिल्यामुळे ग्रीक, रोमन, बायझंटाइन व ऑटोमन कालखंडांचे थर एकावर एक साचले आहेत. तेथे मेट्रोचे काम २००६ मध्ये सुरू झाले. भुयार या थरांच्या बरेच खालून जाते. त्यामुळे त्याची झळ तुलनेने कमी. स्थानकाचे मात्र तसे नाही. फलाटापर्यंत पोहोचण्यासाठी वरून विस्तीर्ण खड्डा घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक थर छेदीत खाली उतरतो. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी भूजल उपसले, तर शेजारच्या जुन्या वास्तूंखालील जमीन खचण्याचाही संभव असतो.

वेनिझेलू स्थानकाच्या जागी संगमरवरी फरसबंदीचा प्राचीन राजमार्ग, चौक व दुकानांचे अवशेष उजेडात आले. ते उचलून नगराबाहेरील जुन्या लष्करी छावणीत हलवावेत, असे २०१३ मध्ये ठरत होते. विद्वान व नागरिक यांच्या विरोधामुळे तो बेत मागे पडला. पुढे अवशेष न हलवता स्थानक बांधण्याची योजना आली. २०१९ मध्ये ती बदलून अवशेष सुटे करावेत व बांधकामानंतर पुन्हा तेथेच बसवावेत, असे ठरले. न्यायालयीन वादानंतर तसेच झाले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रो सुरू झाली.

येथे मूलभूत प्रश्न उद्भवतो : काढून पुन्हा बसवलेला अवशेष तोच राहतो काय? दगड तेच असतात. परंतु त्यांखालची माती, गटार, राखेचा थर, त्यात अडकलेले नाणे यांचा परस्परसंबंध एकदा तुटला, की तो केवळ नोंदीत उरतो. सुत्ताचे निदान गळाले, तर उपदेश वाचता येतो. पण तो कोठे व कोणाला उद्देशून केला, हे समजत नाही. तशीच ही हानी होय.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. नागार्जुनसागर धरणामुळे बुडणार असलेल्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात १९५४ ते १९६० या काळात उत्खनन झाले. काही निवडक वास्तू टेकडीवर व अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आल्या. इक्ष्वाकूंच्या राजधानीचे व तेथील विहारांचे मूळ स्थान मात्र जलाशयाखाली गेले. आज त्या स्थानाविषयी नवा प्रश्न पडला, तर उत्तर जुन्या नोंदींतच शोधावे लागते.

याचा अर्थ मेट्रो नको, असा नव्हे. श्रमिकांना स्वस्त व जलद प्रवास हवा, तो त्यांचा हक्क आहे. शिवाय थेसालोनिकीत मिळालेल्या तीन लाखांहून अधिक वस्तू या कामामुळेच उजेडात आल्या. आग्रह आहे तो क्रमाचा. स्थानकाची जागा आधी निश्चित करून नंतर खोदले, की अवशेष हे अडथळे ठरतात. आधी चाचणी-उत्खनन करून मग जागा ठरवली, तर स्थानक सरकवता येते. स्थानकाला पर्यायी जागा असू शकते. अवशेषाला ती नसते.