ल मां जिंकणारं इंजिन आणि चिकटवलेला सांधा

पोर्शच्या सुरुवातीच्या ‘९११ जीटी३’ गाड्यांच्या इंजिनाचा इतिहास भारदस्त आहे. हान्स मेट्सगर या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच कुळातल्या इंजिनाने १९९८ साली फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी जीटी३ रस्त्यावर आली, आणि शर्यतपटू वाल्टर रोर्लने ती जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब ट्रॅकवर आठ मिनिटांच्या आत फिरवून दाखवली. एवढ्या तालेवार इंजिनात कूलंट आणणाऱ्या-नेणाऱ्या नळ्यांची काही तोंडं मात्र अॅल्युमिनियमच्या घरात चक्क चिकटवलेली आहेत. आटे पाडलेले नाहीत की वेल्डिंग केलेलं नाही. उष्णता सोसणारं औद्योगिक चिकटद्रव्य लावून ती बसवली आहेत.

वर्षानुवर्षं ती तशीच राहतात. मग एखाद्या गाडीत एखादा सांधा पाझरू लागतो. क्वचित एखादं तोंड होज पाइपासकट उपटून बाहेर येतं आणि सगळं कूलंट मागच्या चाकांच्या आसपास सांडतं. हे का होतं, ते शोधायचं कसं आणि दुरुस्त कसं करायचं, याचा माग काढताना इंजिनाच्या पोटात काय काय चाललेलं असतं ते दिसू लागतं.

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा तिथलं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याचा कणखरपणा तर दोन-अडीचशे अंशांनंतरच ढळू लागतो. तरीही ही ज्वाळा अॅल्युमिनियमच्या भिंतींमध्ये सेकंदाला डझनावारी वेळा पेटते आणि भिंत शाबूत राहते, कारण तिच्या पलीकडून कूलंट वाहत असतं. पहिल्या जीटी३ची ताकद ३६० अश्वशक्ती, म्हणजे साधारण २६५ किलोवॅट. इंजिन पूर्ण जोरात असताना कूलंटवाटे बाहेर पडणारी उष्णताही सहज शंभर किलोवॅटच्या वर जाते. घरातले दोन किलोवॅटचे पन्नास गीझर एकाच वेळी चालू ठेवा. तेवढी उष्णता एका इंजिनातून सतत काढून नेली जात असते.

कूलंट म्हणजे साधारण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल, जोडीला गंज रोखणारी रसायनं. रेडिएटरमध्ये ते आठेक अंशांनी निवतं असं धरून हिशेब केला, तर शंभर किलोवॅट वाहून न्यायला सेकंदाला साडेतीन लिटर कूलंट फिरावं लागतं. ९११चं इंजिन मागे असतं आणि रेडिएटर पुढच्या बंपरमागे. त्यामुळे कूलंट गाडीची लांबी पुढे जाताना एकदा आणि परतताना एकदा कापतं. एवढ्या वाटेसाठी वीस लिटरहून अधिक कूलंट लागतं, आणि जोरात पळणाऱ्या गाडीत त्याची पूर्ण फेरी दहा सेकंदांच्या आत होते.

या फेरीत सिलिंडर हेडपाशी कूलंट चक्क उकळतं. सगळं नाही, तापलेल्या भिंतीला टेकलेला पातळ थर तेवढा. तिथे इवले बुडबुडे जन्मतात, भिंतीची उष्णता पोटात घेऊन सुटतात आणि जरा थंड प्रवाहात शिरताच मिटून जातात. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून हे बुडबुडे नुसत्या वाहत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता उचलतात. मात्र सुटण्याऐवजी एकमेकांत मिसळून त्यांनी भिंतीवर वाफेचा पापुद्रा धरला, की सगळा डाव फिसकटतो. वाफ उष्णता नीट नेत नाही आणि धातू त्या जागी एकाएकी तापतो.

या डावावर ताबा ठेवतो तो दाब. कूलंटच्या टाकीचं झाकण दिसायला साधं असलं तरी त्यात स्प्रिंगवर बसवलेली झडप असते. ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार किंवा थोडा अधिक ठेवतो आणि त्यापलीकडचा बाहेर सोडून देतो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास असतो. एक बार जादा दाबाखाली तो १३० अंशांच्या जवळ जातो. गळती झाली की कूलंट संपण्याआधी हा दाब जातो. दोन-चार चमचे द्रव कमी झाल्याने काही बिघडत नाही, पण दाब पडला की क्षणापूर्वी शांत वाहणारं गरम कूलंट हेडपाशी खदखदू लागतं. गरम गाडीचं झाकण उघडू नये, ते याचसाठी: उघडणाऱ्याच्या हातात दाब सुटतो आणि उकळतं कूलंट उसळून अंगावर येतं. कूलंट फारच घटलं तर तापमानाच्या काट्यावरही विसंबता येत नाही. सेन्सर वाफेत उघडा पडला की काटा खोटं सांगू शकतो.

गळती शोधायला बसलं की पहिला चकवा जमिनीवरच्या डागाचा. ९११च्या पोटाखाली पत्र्याची आणि प्लास्टिकची आच्छादनं असतात. गळालेलं कूलंट त्यांवर पसरतं आणि सापडेल त्या फटीतून ठिबकतं. गाडी पळत असेल तर वारा ते मागे ढकलतो. डाग एकीकडे आणि उगम हातभर दूर. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी रॅम्पवर घेऊन आधी आच्छादनं उतरवतो आणि कोरड्या खुणा शोधतो. कूलंटमधलं पाणी उडून गेलं तरी त्यातली रसायनं मागे राहतात. सांध्याभोवतीची पांढरट किंवा गुलाबीसर खरबरीत पुटं आणि गोडसर वास हा पहिला पुरावा.

दुसरी पायरी सगळ्यांत चतुर. इंजिन बंद आणि थंड असताना टाकीवर झाकणाऐवजी हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत हवेचा दाब चढवतात. पळत्या गाडीतला दाब असा उभ्या गाडीत आणता येतो, तोही हात न भाजता. काटा स्थिर राहिला तर ठीक. उतरू लागला तर बॅटरी घेऊन ओल शोधायची. तरी काही सांधे हुलकावणी देतात. थंडीत रबर आणि धातू आकसतात, म्हणून काही सांधे फक्त पहाटे पाझरतात आणि इंजिन तापलं की बंद होतात. काहींचं नेमकं उलट. अशा वेळी दाब देऊन गाडी रात्रभर ठेवतात, किंवा कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून गाडी फिरवून आणतात. मग अंधारात दिवा फिरवला की पाझर हिरवट उजळून निघतो.

बाहेर कुठेच ओल नाही आणि कूलंट तर घटतंय, असं असेल तर संशय आत जातो. हेड गॅस्केट गेली असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. त्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो. एका रंगबदलावर इंजिन उघडायचं की नाही, हे ठरतं.

काही गळत्या तर मुद्दाम करून ठेवलेल्या असतात. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला बरेचदा एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे जाण्याऐवजी त्या भोकातून ठिबकतं आणि पंप फिरायचा थांबण्याच्या पुष्कळ आधी मालकाला खबर मिळते. भोक बुजवणारा कारागीर गळती थांबवत नाही, खबर थांबवतो.

आता आपल्या चिकटवलेल्या सांध्याकडे येऊ. चिकटवणं हा काही गावठी उपाय नव्हे; विमानांच्या रचनेतही धातूचे भाग चिकटवतात. त्यात ओतीव भागाला वेल्डिंगची आच लागत नाही, तो वाकत नाही. मात्र धातू आणि चिकटद्रव्य यांच्या जोडीचा जुना वैरी म्हणजे गरम पाणी. पाण्याचे रेणू चिकटद्रव्यातून हळूहळू धातूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात, अॅल्युमिनियमवरच्या ऑक्साइडच्या पातळ थराशी संयोग पावतात आणि पकड जिथे होती नेमका तोच थर बदलून टाकतात. त्यात दर फेरीला तापणं-निवणं, आकसणं-प्रसरणं आणि इंजिनाची थरथर. साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं तोंड धरलं तर सव्वा बार दाब त्याला बारा किलोच्या जोराने बाहेर ढकलत असतो. नव्या सांध्याला हा जोर किरकोळ वाटतो, थकलेल्याला भारी पडतो.

दुरुस्तीसाठी सहसा इंजिन खाली उतरवावं लागतं, कारण सगळे सांधे गाडीत बसल्या जागी हाताला लागत नाहीत. मग उपाय तीन. पहिला, जुनं चिकटद्रव्य खरवडून, पृष्ठभाग रासायनिकरीत्या स्वच्छ करून पुन्हा चिकटवणं. यात सगळी मदार त्या स्वच्छतेवर. दुसरा, आर्गन वेल्डिंग. यात सांधा कायमचा एकजीव होतो, पण वितळलेलं अॅल्युमिनियम ओल किंवा चिकटद्रव्याचा अवशेष यांतला हायड्रोजन शोषतं आणि गोठताना त्याचे सूक्ष्म बुडबुडे आत अडकवून ठेवतं. गळती बुजवायला केलेलं वेल्ड स्वतःच सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून गळू शकतं. म्हणून वेल्ड केलेला भाग बंद करून, आत हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून पाहतात आणि तापाने त्याची बसायची बाजू वाकली नाही ना, हेही तपासतात.

तिसरा उपाय मला सगळ्यांत शहाणा वाटतो. चिकटवलेल्या तोंडाला बाजूने बारीक भोक पाडून, आटे पाडून त्यात स्क्रू बसवतात. स्क्रूने पाझर थांबेलच असं नाही, पण ते तोंड आता उपटून बाहेर येऊ शकत नाही. उद्या चिकटद्रव्य हरलं तर दोनशेच्या वेगात वीस लिटर कूलंट टायरखाली सांडण्याऐवजी पार्किंगमध्ये थेंब दिसतील. ग्लायकोल रस्त्यावर निसरडं असतं. शर्यतींमध्ये अनेक ठिकाणी त्याला बंदी असते ती यामुळेच. स्क्रू लावणारा सांधा अमर करत नाही, त्याने हरायचं कसं हे ठरवून देतो. वॉटर पंपाचं भोक आणि झाकणातली स्प्रिंग यांनीही तेच केलेलं असतं.

इंजिन पुन्हा चढवल्यावर शेवटचं काम कूलंट भरण्याचं, आणि ते नुसतं ओतून भागत नाही. एवढ्या लांब, वर-खाली जाणाऱ्या नळ्यांत हवेचे फुगे अडकतात आणि फुगा हेडपाशी गेला की तिथे पुन्हा वाफेचा तोच धोका. म्हणून पंपाने आधी सगळ्या वाटेतली हवा ओढून पोकळी करतात. वाटेत कुठे छिद्र उरलं असेल तर पोकळी टिकत नाही, म्हणजे जाता जाता आणखी एक तपासणी होते. पोकळी टिकली की कूलंटची नळी उघडतात आणि ते आपोआप कोपऱ्याकोपऱ्यात खेचलं जातं. उतरवलेलं जुनं कूलंट मात्र उघड्यावर ठेवत नाहीत; ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं, कुत्र्या-मांजरांना विशेषतः.

जीटी३ आपल्या दारात नसेल, पण दारातल्या गाडीची कूलंटची वाटही अशीच बंद असते. पेट्रोल जळून जातं, इंजिन ऑइल थोडं थोडं जळू शकतं. कूलंट मात्र खर्च व्हायची वस्तूच नाही. पातळी दर महिन्याला घटत असेल तर ते कुठेतरी जातंय, एवढं नक्की. वरून पाणी ओतत राहिलं की पातळी भरते आणि खूण पुसली जाते, शिवाय गंज रोखणारी रसायनंही पातळ होत जातात. त्यापेक्षा थंड इंजिनावर टाकीवरच्या दोन रेघांमधली पातळी अधूनमधून पाहावी, आणि ती उतरली तर बाटली उचलण्याआधी मेकॅनिकला दाब देऊन बघायला सांगावं.