तरुण विद्यार्थी आणि गुप्तरोगांचें भय

गुप्तरोगांविषयीं तरुणांस कांहीं ठाऊक नसतें, म्हणूनच ते संकटांत सांपडतात, ही समजूत सुशिक्षित घरांतून अद्याप दृढ आहे. ती अर्धीच खरी. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें, तेव्हां अज्ञान हाच मोठा शत्रु होता आणि त्याच्याशीं ते १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, झुंजत राहिले. परंतु अज्ञान हटलें तरी वर्तन जागचें हालत नाहीं, असें पुढील काळांत दिसून आलें. आणि तें दिसलें नेमकें विद्यापीठांत, जेथें माहितीचा तुटवडा सर्वांत कमी.

कॅनडांतील महाविद्यालयांत नुकत्याच दाखल झालेल्या सुमारें साडेपांच हजार विद्यार्थ्यांची पाहणी १९९० सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. एड्सची धास्ती त्या वेळीं सर्वत्र होती, आणि रोग कसा पसरतो हें या मुलामुलींस चांगलें अवगत होतें. तरीहि ज्यांचे शरीरसंबंध आलेले होते, त्यांत प्रत्येक वेळीं निरोध वापरणारे पुरुष शेकडा २५ च्या आसपास आणि स्त्रिया शेकडा १६ च्या आसपास निघाल्या. ज्यांचे जोडीदार दहा किंवा अधिक, ते तरी सावध असावेत! पण त्यांच्यांत हें प्रमाण उलट कमीच भरलें.

असें कां व्हावें? रटगर्स विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत विद्यार्थ्यांस विचारलें होतें कीं, अमुक आपत्ति इतर सहाध्यायांच्या मानानें तुमच्यावर ओढवण्याचा संभव किती? यादींत गुप्तरोगहि होता. सरासरीनें उत्तर आलें: इतरांहून कमी. सगळा वर्गच सरासरीहून सुदैवी असूं शकत नाहीं, एवढें गणित त्यांतील प्रत्येकास येत असणार. धोका त्यांस नाकबूल नव्हता. तो शेजारच्या बाकावर बसलेला होता, इतकेंच.

याहून सूक्ष्म गोष्ट १९९२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत आढळली. जिला आपण ओळखतों, जी आवडते, ती व्यक्ति निर्धोक, असा विद्यार्थ्यांचा हिशेब होता. अनोळखी व्यक्तीची पारख वेष आणि रूप यांवरून होई. रोगजंतूंस मात्र स्वभाव कळत नाहीं. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांस कसलेंच लक्षण जाणवत नाहीं, तरी आंतल्या आंत गर्भनलिकांस इजा होऊन वंध्यत्व येऊं शकतें. एचआयव्हीचा विषाणु तर उपचाराविना आठ-दहा वर्षें शरीरांत राहूनहि चेहऱ्यावरील कांति ढळूं देत नाहीं.

आणि येथेंच खरी अडचण आहे. चार महिन्यांच्या सहवासानंतर निरोधाचा वा तपासणीचा विषय काढणें म्हणजे समोरच्यावर संशय घेणें, असें वाटतें. जेफ्री आणि विल्यम फिशर यांनीं १९९२ सालीं मांडलें कीं माहिती आणि इच्छा यांच्या जोडीला कौशल्य लागतें, म्हणजे हा विषय नातें न दुखवतां कसा काढावा हें यावें लागतें. व्याख्यानें आणि भित्तिपत्रकें तें शिकवीत नाहींत.

आपल्याकडे या संकोचांत आणखी भर पडते. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते, आणि २०१७ च्या कायद्यानें ती संमतीवांचून करण्यास मनाई असून निकाल गुप्त ठेवण्याचें बंधन घातलें आहे. पण घरचा डॉक्टर वडिलांचा स्नेही असतो, आणि नाक्यावरचा औषधवाला आईला नांवानें ओळखतो! मग तपासणी लांबणीवर पडते. क्लॅमिडिया वेळीं कळला तर प्रतिजैविकांनीं पूर्ण बरा होतो. मात्र दोघांनींहि उपचार घ्यावे लागतात, नाहींतर तो एकाकडून दुसऱ्याकडे परत येतो. म्हणजे जी गोष्ट आधीं बोलवत नव्हती, तीच अखेर रोगाच्या नांवासकट बोलावी लागते.