धूर, आवाज आणि अनुमान

‘जेथे धूर, तेथे अग्नी’ हे तर्कशास्त्राच्या तासाचे उदाहरण आपण सर्वांनीच वहीत उतरवले आहे. नैयायिकांनी डोंगरावरचा धूर पाहिला. माझ्या वडिलांनी उभे आयुष्य डोंगर चढणाऱ्या गाडीमागचा धूर पाहिला. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु न्यायशास्त्रातली ‘व्याप्ती’ मला खऱ्या अर्थाने समजली ती खोपोलीच्या एका गॅरेजमध्ये.

वडील एक जुनी डिझेल पिकअप चालवतात. कर्जतच्या गिरणीतून तांदळाची पोती भरायची, पळसदरीवरून खोपोलीला यायचे आणि भाडे लोणावळ्याचे असेल तर जुन्या रस्त्याने शिंग्रोबाला हात जोडून बोरघाट चढायचा, हा त्यांचा क्रम. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी बदलली. जी चढण ती तिसऱ्या गिअरवर घेई, तिथे दुसरा टाकावा लागे. मागून काळा धूर निघे. पहाटे स्टार्ट करताच इंजिनाच्या पुढच्या अंगाला साखळी खुळखुळावी तसा आवाज होई. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितले, “धूर मारतेय ना? मग डिझेल पंप गेला.” कामाचा त्याने सांगितलेला आकडा माझ्या वर्षाच्या फीपेक्षा मोठा होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा या निदानाशी माझाही संबंध होता.

बाबा दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. ते एवढेच म्हणाले, “दादा, आधी मोजू. मग खर्चाचं बोलू.”

काय मोजायचे, हे समजण्यासाठी थोडी माहिती हवी. पिस्टन खालीवर होतो तो क्रँकशाफ्टमुळे, आणि हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतात ते कॅमशाफ्टमुळे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. हा मेळ राखण्याचे काम काही इंजिनांत गिअर करतात, काहींत पट्टा, तर काहींत सायकलसारखी चेन. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८० च्या दशकात परवान्यावर बनवायला घेतलेले मर्सिडीज-बेंझचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन दुपदरी चेनचेच. त्यात डिझेल पंपही त्याच चेनवर फिरतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपल्या इंजिनात चेन आहे का? गिअर असतील तर पुढचा सारा विचार व्यर्थ.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश केसभर झिजते. अशा अनेक कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लांब होते आणि कॅम क्रँकच्या मागे पडू लागतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. पंपही चेनवर असेल तर डिझेलही उशिरा पडते. यातून चढणीला दम जातो, धूर येतो, थंडीत गाडी लवकर लागत नाही. चेनला ताण देणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. तो दाब भरेपर्यंत सैल चेन खडखडते. म्हणून सुरुवातीला आवाज पहाटेच्या पहिल्या काही क्षणांपुरताच असतो.

परंतु यातले एकही लक्षण एकट्या चेनचे नाही. धूर खराब नोझलमुळे किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो. दम डिझेल फिल्टर कोंदल्यानेही जातो. खडखड टॅपेटची असू शकते, वॉटर पंपाच्या किंवा डायनॅमोच्या बेअरिंगचीही असू शकते. मिस्त्रींनी प्रथम फॅनबेल्ट काढून इंजिन क्षणभर चालवले. आवाज कायम राहिला, म्हणजे बेल्टवर फिरणाऱ्या वस्तू सुटल्या. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला टेकवून मूठ कानाशी धरली. आवाज तिथेच सर्वांत मोठा होता. हा संशय झाला, पुरावा अजून बाकी होता.

पुरावा अंशांत मिळतो. गाडी न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून टॅपेट कव्हर काढले. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानेच, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, सावकाश फिरवले. पाना मागे घ्यायचा नाही. घेतला तर चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि माप खोटे येते. कॅमवरची खूण तिच्या जोडखुणेशी जुळताच मिस्त्री थांबले आणि पुलीवरचे अंश वाचायला त्यांनी मला वाकायला लावले. चेन नवी असती तर काटा शून्याच्या आसपास असता. मी वाचले, सात.

सात अंश म्हणजे किती? क्रँकच्या चाकाला २० दात आणि चेनची एक कडी ९.५२५ मिलिमीटरची धरली, तर हिशेब पावणेचार मिलिमीटरच्याही आत येतो. एवढ्याशा फरकाने घाट अवघड केला होता! झीज वाढून चेन एक दात सरकली असती तर क्रँकचे एकदम १८ अंश चुकले असते. असे होत गेले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळण्याची भीती असते. मग इंजिनच संपते. काही इंजिनांत कॅमच्या चाकाची अर्धचंद्राकृती चावी बदलून खूण पुन्हा जुळवता येते. परंतु त्याने वेळ सुधारते, झीज तशीच राहते.

चेन, टेन्शनर आणि चेन ज्यांवर घासते त्या पट्ट्या बदलल्या. पंपाला हात लागला नाही. खर्च झालाच, पण पेलण्यासारखा झाला. पहाटेची खडखड गेली, तिसरा गिअर परत आला. धूर मात्र कमी झाला तरी पूर्ण गेला नाही. एअर फिल्टर काढला तर तो धुळीने भरलेला! म्हणजे एकाच धुराची कारणे दोन होती.

आता तर्कशास्त्राकडे येतो. धूर असेल तेथे अग्नी असतो. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. व्याप्ती उलटी वाचता येत नाही. पंप बिघडला तर धूर येतो हे खरे. म्हणून धूर आला की पंपच बिघडला, हे खरे नव्हे. पहिल्या गॅरेजवाल्याने व्याप्ती उलटी वाचली होती. परीक्षेत अशा चुकीचे गुण जातात. हातावर पोट असणाऱ्याच्या घरात त्याच चुकीने मुलाची फी जाते.

मिस्त्रींनी न्यायशास्त्राचे नावही ऐकलेले नाही. मी त्यांना तापल्या गोळ्याचे उदाहरण सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे तुमच्या पुस्तकातही हेच लिवलंय व्हय?” होय, हेच लिहिले आहे. मी ते यापूर्वी फक्त पाठ केले होते.