लाळ नको, बेडका हवा: ट्रूनॅट मशीन टीबी कसा पकडतं?
दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला झाकणाची डबी देतात. तपासणी फुकट असते. पूर्वी भिस्त मायक्रोस्कोपवर होती. पण एका मिलीलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असले तरच ते त्यात दिसतात, त्यामुळे सुरुवातीचा टीबी निसटायचा.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन जंतूचा डीएनए शोधतं. बेडक्यातून काढलेला डीएनए छोट्या चिपवर टाकला की मशीन त्याच्या असंख्य प्रती बनवतं, म्हणून थोडे जंतूही सापडतात. साधारण तासाभरात निकाल. शिवाय ते बॅटरीवर चालतं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यासारख्या गावात लाइट गेली तरी काम अडायला नको. टीबी निघालाच, तर रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, ते दुसऱ्या चिपवर कळतं.

पण डबीत नुसती लाळ गेली तर? मशीन बिचारं काय करणार! रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि माणूस घरात खोकतच राहतो. म्हणून सकाळी चूळ भरा, मोकळ्या हवेत दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोरात खोका. घट्ट बेडका आला पाहिजे, दोन मिलीलिटर तरी. निगेटिव्ह येऊनही खोकला थांबला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.