जंगलाच्या वरच्या मजल्यावर

मलेशियातल्या पेनांग बेटावर गेलेला पर्यटक जॉर्जटाउनमधल्या जुन्या पेठा आणि खाऊगल्ल्या पाहतो, आणि हाताशी अर्धा दिवस असला तर पेनांग हिलवर जातो. या डोंगरावर १९२३ पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. वर पोहोचेपर्यंत शहरातला उकाडा बराच मागे पडतो. बहुतेक जण शहराचा देखावा बघून, फोटो काढून पुढच्या गाडीने उतरतात. खरी मौज मात्र थोडे आत चालत गेल्यावर आहे. तिथे वर्षावनातून जाणारा २३० मीटर लांबीचा पूल आहे, ‘लंगूर वे’. जमिनीपासून त्याची उंची ४० मीटर, म्हणजे साधारण तेरा मजले.

पूल किंचित हलतो. काहींना गरगरते. तोल सांभाळताना मेंदू कानाच्या आतल्या भागाकडून, तळपायांकडून आणि डोळ्यांकडून येणारे संदेश जुळवून पाहत असतो. उंचावर नजरेला जवळची स्थिर वस्तू सापडत नाही, त्यामुळे डोळ्यांची मदत तुटते. अशा वेळी खाली दरीत पाहू नये. बाजूचे जाडजूड खोड नजरेसमोर ठेवावे आणि दोन मिनिटे उभे राहावे. ज्यांना उंचीची खरोखरच धास्ती आहे, त्यांनी हट्ट न केलेलाच बरा.

भीती ओसरली की लक्षात येते, की आपण आजवर जंगल तळघरातून पाहत होतो. घनदाट वर्षावनात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पोहोचतो. पाने, फुले, फळे आणि ती खाणारे जीव, हा सगळा संसार वर, उन्हात. या डोंगराच्या धारांवर आपल्या सालाच्या कुळातली उंच झाडे आहेत. त्यांपैकी एकाचे शास्त्रीय नाव ‘शोरिया कर्टिसाय’. पेनांगच्या वनस्पती उद्यानाचे पहिले अधीक्षक चार्ल्स कर्टिस यांच्यावरून ते पडले. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे असलेली, चष्मा लावल्यासारखी दिसणारी माकडे इथे पाला खात बसतात. त्यांची पिल्ले जन्मतात ती चक्क नारिंगी रंगाची. काळी महाखारही इथलीच, आपल्या शेकरूची सख्खी नातेवाईक.

शास्त्रज्ञांनाही हा मजला उशिराच सापडला. मार्गारेट लोमन या अमेरिकी संशोधिकेने १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात गलोलीने दोर फांदीवर टाकून झाडावर चढायला सुरुवात केली. तिचा प्रश्न साधा होता: किडे झाडाचा किती पाला खातात? तोवर अभ्यासक हाताला लागणारी पाने तोडून त्यांवरची भोके मोजत. पण जे पान पूर्ण खाल्ले गेले, ते मोजणार कसे? लोमनने वरची पाने खुणा करून ठेवली आणि महिन्यामागून महिने तीच पाने पाहिली. किडे जुन्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाला फस्त करतात, असे निघाले. दोरावर एका वेळी एकच माणूस चढतो, म्हणून पुढे ती झाडांवरचे पूल उभारण्याकडे वळली. पेनांग हिलवर २०१७ साली जीवसृष्टीची मोठी पाहणी झाली, तिच्यातही ती होती. २०२१ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आला.

या वरच्या मजल्याचा आपल्या प्रकृतीशीही संबंध आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कोलंबियाच्या जंगलात पीतज्वर प्रामुख्याने लाकूडतोड्यांना होत असे. असे का, हे कळत नव्हते, कारण जमिनीवर रोग पसरवणारे डास फारसे सापडत नव्हते. होर्हे बोशेल हे डॉक्टर एकदा एक झाड पाडले जात असताना तिथे उभे होते. झाड कोसळले आणि त्याच्यासोबत निळसर चमकणाऱ्या डासांचा थवा खाली आला. हे डास एरवी शेंड्यावर राहून माकडांना चावत. झाड पाडल्यावर माणूस त्यांच्या तावडीत सापडे. आफ्रिकेत युगांडातल्या झिका जंगलात पीतज्वराच्या शोधासाठीच शास्त्रज्ञांनी झाडांवर मचाण बांधून पिंजऱ्यात माकडे ठेवली होती. १९४७ साली त्यांतल्या एका माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तात नवाच विषाणू मिळाला. जंगलाचेच नाव त्याला दिले गेले.

हेच बोशेल पुढे आपल्या पुण्यात आले. इथल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, त्यांनी माकडतापाचा अभ्यास केला. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. इथे डास नव्हे, गोचीड कारणीभूत. आजारी माकड झाडावरून पडून मरते, त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर पसरतात आणि गुरे चारायला, काजू वेचायला गेलेल्या माणसाला चिकटतात. जंगल विरळ होऊन त्यात गुरांचा वावर वाढला की गोचिडीही वाढतात, याकडे बोशेल यांनी लक्ष वेधले होते. गोव्यातल्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण आढळले, तेव्हा हा विषय आपल्या अंगणात आला.

डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम. या दिवसांत रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेला गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाकावेत. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. रानात जाऊन आल्यावर काही दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे आठवणीने सांगावे.